भूमिपूजनाआधी एकदा प्रयोगशाळेत येऊन जा : नव्या विज्ञान इमारतीच्या बांधकाम समितीला खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय आणि बांधकाम समितीचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

नव्या विज्ञान इमारतीचे थ्रीडी चित्र प्रशासकीय इमारतीच्या दाराशी लावले आहे. पश्चिमेला चार मजले उंच काच, पुढे भव्य पोर्च आणि पोर्चसमोर अणूच्या आकाराचे कारंजे. (अणूभोवती असे गोल गोल फिरणारे इलेक्ट्रॉन भौतिकशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढले, पण कारंज्याला एवढी सूट द्यायला हरकत नाही.) चित्राशेजारी मजलेवार नकाशा आहे. त्यात जवळपास प्रत्येक खोलीवर एकच शब्द आहे, ‘लॅब’, आणि पुढे क्रमांक. सगळ्या लॅब एकाच मापाच्या. कोणत्या खोलीत काय चालणार, तिथली हवा कुठून बाहेर जाणार, सिंकमधले पाणी कुठे उतरणार, आत किती वजनाचे यंत्र बसणार, याबद्दल नकाशा गप्प आहे. निविदा लवकरच निघणार असे कानावर आले, म्हणून हे पत्र.

मी रसायनशास्त्र शिकवले, पुढे उपकरण केंद्र सांभाळले आणि आता निवृत्त आहे. माझी मागणी एकच आहे. निविदा निघण्याआधी प्रत्येक खोलीचा स्वतंत्र तक्ता तयार करा. त्या खोलीत कोण काम करणार, किती जण, कोणती रसायने, कोणते वायू, किती वीज, किती पाणी, कोणता कचरा, किती भार, किती कंप चालतो, दार किती रुंद, हे सगळे त्यात यावे. आणि तो भरायला केवळ विभागप्रमुखांना बोलावू नका. प्रयोगशाळा सहायक, परिचर, स्टोअर सांभाळणारे आणि रात्री उशिरापर्यंत थांबणारे पीएचडीचे विद्यार्थी यांनाही त्याच टेबलाशी बसवा. त्यांच्या सह्या झाल्याशिवाय वास्तुविशारदाने पुढची रेघ मारू नये.

ही मागणी काही नवी नाही. केंब्रिजमध्ये १८७१ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेल प्रायोगिक भौतिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, तेव्हा प्रयोगशाळा उभी राहायची होती. सिद्धान्तात रमणारा हा माणूस आधी ग्लासगोला जाऊन विल्यम थॉमसनची प्रयोगशाळा पाहून आला, ऑक्सफर्डची पाहून आला आणि मग वास्तुविशारदाशी बोलायला बसला. १८७४ मध्ये कॅव्हेंडिश प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा तळमजल्यावरच्या चुंबकीय मोजमापांच्या खोलीत दगडी टेबलांचे पाय फरशीला टेकलेले नव्हते. ते फरशीतून आरपार जाऊन स्वतंत्र पायावर उभे होते, म्हणजे कोणी खोलीत चालले तरी टेबलावरची सुई हलू नये. देणगीदार ड्यूक होते, पैशाची ओढाताण नव्हती. पण तो पैसा कुठे मुरवायचा हे मोजमाप करणाऱ्याने ठरवले.

उलट उदाहरणही आहे, आणि ते एका फार मोठ्या माणसाचे आहे. अहमदाबादच्या आयआयएममुळे वास्तुविशारद लुई कान हे नाव आपल्याकडे परिचित आहे. त्यांनी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी १९६० च्या सुमारास रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा बांधली. हवा खेचणारे विटांचे उंच मनोरे बाहेर काढले आणि त्या मनोऱ्यांमुळे इमारत जगप्रसिद्ध झाली. आत बसणारे शास्त्रज्ञ मात्र कोपऱ्यांतल्या मोठ्या काचांमधून येणाऱ्या उन्हाने हैराण झाले आणि त्यांनी खिडक्यांवर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवली. हे फिलाडेल्फियाच्या उन्हाबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो आणि आपण पश्चिमेला चार मजली काच लावायला निघालो आहोत. ती काच लागली की वर्षभरात आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली दिसतील, हे लिहून ठेवा. आपल्या विभागाच्या जुन्या इमारतीच्या लांब बाजूंची तोंडे उत्तरेला आणि दक्षिणेला आहेत, खिडक्यांवर दोन-अडीच फुटांचे छज्जे आहेत. ती बांधणारा अभियंता कोण होता मला ठाऊक नाही, पण त्याला ऊन कळत होते.

कान यांनी मात्र त्या अनुभवानंतर जे केले, ते आपल्याला उपयोगी पडेल. त्यांना पाइपांचा मनापासून तिटकारा होता आणि म्हणूनच पाइपांना त्यांची हक्काची जागा दिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. कॅलिफोर्नियात ला होया येथे पोलिओच्या लशीमुळे नाव झालेल्या जोनास साल्क यांच्या संस्थेत त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्यावर आणखी एक मजला फक्त पाइप, डक्ट म्हणजे हवेचे मोठे नळ आणि वायरी यांच्यासाठी ठेवला, माणूस ताठ उभा राहून काम करू शकेल एवढ्या उंचीचा. खाली प्रयोगशाळेत एकही खांब नाही. १९६५ पासून आत काय काय बदलले असेल! जीवशास्त्र स्वतःच बदलून गेले. पण गळका पाइप बदलायला तिथे कोणाचा प्रयोग बंद पाडावा लागत नाही. आपल्याला पाइपांसाठी आख्खा मजला परवडणार नाही हे मला कळते. पण दोन लॅबच्या मध्ये माणूस शिरू शकेल अशी पाइपांसाठीची रुंद पोकळी आणि मजल्यामजल्यातली उंची साडेचार मीटरच्या आसपास, एवढे तरी हवेच. चित्रातल्या इमारतीच्या एका मजल्याची उंची मी मोजून पाहिली. साडेतीन मीटरच्या वर ती जात नाही. वर्गखोलीला तेवढी पुरे. प्रयोगशाळेत मात्र तुळई गेली, फॉल्स सीलिंग गेले, की हवेची डक्ट माणसाच्या डोक्याला लागते.

आता हवेबद्दल जरा सविस्तर, कारण हिशेब इथेच चुकतात. विषारी धूर खेचून बाहेर टाकणारा फ्यूम हूड म्हणजे नुसते लाकडी किंवा स्टीलचे काचेच्या दाराचे कपाट आणि वर पंखा, अशी निविदा लिहिणाऱ्यांची समजूत असते. दीड मीटर रुंदीचा हूड घ्या, पुढची काच अर्धा मीटर उघडी. आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवायचा असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे एक हूड तासाला साडेतेराशे घनमीटर हवा बाहेर फेकतो. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच अशा लॅबमध्ये असे चार हूड बसवले, तर खोलीभर हवा साधारण दोन मिनिटांत बाहेर गेलेली असते. मग तेवढीच हवा आत कुठून येणार? याचे उत्तर नकाशात नसेल तर ती कॉरिडॉरमधून येते, शेजारच्या स्वच्छतागृहातून येते आणि बाकीची येतच नाही. दार उघडायला खांदा लावावा लागतो आणि हूड आवाज करतो पण धूर खेचत नाही. त्यात खोलीला एसी लावला असेल, तर थंड केलेली सगळी हवा दर दोन मिनिटांनी गच्चीवरून आकाशात. वीजबिल पाहून वित्त अधिकारी दोन हूड बंद करायला सांगतात. आणि बंद हूडमध्ये विद्यार्थी आधी बाटल्या ठेवतात, मग पिशव्या, मग हेल्मेट. हे कुठे होते ते सांगत नाही, सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे.

म्हणून हूड किती, कोणत्या खोलीत, हे आत्ता ठरवा. पंखा गच्चीवर बसवा, खोलीत नको. पंखा वर असला की संपूर्ण डक्टमध्ये हवेचा दाब कमी राहतो आणि एखादा सांधा सुटलाच तर विषारी हवा खोलीत शिरण्याऐवजी खोलीतली हवाच डक्टमध्ये शिरते. धुराड्याचे तोंड गच्चीच्या कठड्याच्या बरेच वर न्या, नाहीतर तीच हवा शेजारच्या खिडकीतून परत येते. ताजी हवा घेण्याची जागा धुराड्यापासून लांब ठेवा आणि पार्किंगपासूनही.

पदवीच्या वर्गांची कथा वेगळी आहे. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला वीस-बावीस जणांची बॅच, प्रत्येकाच्या पुढे बर्नर. सॉल्ट ॲनालिसिसला, म्हणजे क्षारातले घटक ओळखायला, ज्योतीचा रंग पाहण्याची फ्लेम टेस्ट करायची तर ज्योत स्थिर हवी, म्हणून पंखे बंद. एप्रिलमध्ये, दुपारी दोनला. वर कोणाचे तरी अमोनिया, कोणाचे हायड्रोजन सल्फाइड. खिडक्या उघडल्या तर फिल्टर पेपर उडतात, न उघडल्या तर डोळे झोंबतात. अशा खोलीत मुलांनी बारकाईने निरीक्षण करावे अशी आपण अपेक्षा करतो आणि मग जर्नलमध्ये सगळ्यांची निरीक्षणे एकसारखी कशी, म्हणून रागावतो. छताचा पंखा हा प्रयोगशाळेचा पंखाच नव्हे. हवा वरून, रुंद जाळीतून, हळू सोडायची आणि टेबलाच्या बाजूने खेचायची. हे काम नकाशावर दोन रेघांचे आहे. इमारत उभी राहिल्यावर तेच काम भिंती फोडून करावे लागते, म्हणजे होत नाही.

आणि इथेच मला समितीशी थोडे भांडायचे आहे. नकाशात वरचे दोन मजले ‘संशोधन’ आणि खालचे दोन ‘अध्यापन’ असे सरळ कापले आहेत. वर एसी, खाली पंखे. वर काचेची दारे, खाली लोखंडी. जगातली संशोधन शिकवणारी पहिली नावाजलेली रसायनशाळा जर्मनीत गिसेन येथे युस्टस लीबिग यांनी चालवली, तीही एका जुन्या लष्करी पहाऱ्याच्या इमारतीत. शिकायला आलेला मुलगा आणि संशोधन करणारा सहकारी एकाच खोलीत, एकाच भट्टीशी. त्यातून युरोपभर रसायनशास्त्रज्ञ पसरले. आपल्याकडे एमएस्सी झालेला विद्यार्थी रेणूची रचना सांगणाऱ्या एनएमआर यंत्राचा आलेख वाचतो, पण ते यंत्र त्याने कधी पाहिलेले नसते. ते वरच्या मजल्यावर असते आणि किल्ली सरांकडे असते.

गर्दीच्या लॅब खालीच हव्यात हे मला मान्य आहे. शंभर मुलांना जिना उतरून पळावे लागले तर तो जिना कमी पायऱ्यांचाच असावा. ज्वलनशील द्रावकांचा साठाही जितका वरच्या मजल्यावर, तितका कमी ठेवायचा असतो. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संहितांमध्ये त्यावर मजल्यागणिक मर्यादा आहेत. दुसरीकडे ज्यांना हूड जास्त लागतात त्या लॅब वर असल्या की डक्ट आखूड पडते आणि पैसे वाचतात. ही ओढाताण खरी आहे, तिचे एकच बरोबर उत्तर नाही. पण उपकरणे तरी दोघांना सामायिक ठेवता येतील. वजनदार आणि कंपाला नाजूक यंत्रे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, एनएमआर, तळमजल्यावर जमिनीला लागून, लिफ्ट, जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यापासून लांब. आणि त्यांच्या खोलीला अध्यापनाच्या कॉरिडॉरकडे एक मोठी काच. पश्चिमेची काच इकडे आणा, म्हणजे ती सत्कारणी लागेल. पहिल्या वर्षाचा मुलगा प्रॅक्टिकलला जाता येता आत काय चालले आहे ते पाहील, कधीतरी दार ठोठावेल.

सौंदर्याला माझा विरोध नाही. कुलाब्याला समुद्राकाठी टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) इमारत १९६२ मध्ये खुली झाली, तिच्यात होमी भाभांनी हुसेन यांचे भित्तिचित्र लावले, झाडे जपली. पुण्यात गणेशखिंडीत आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र उभारताना डॉ. जयंत नारळीकर आणि चार्ल्स कोरिया यांनी चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे उभे केले, पृथ्वीचे फिरणे दाखवणारा फूकोचा लंबक टांगला. शाळेची मुले आजही तो पाहायला जातात. मात्र आपल्या चित्रात आयुकाची नक्कल दिसते आणि ती भलत्या जागी दिसते. आयुकात मुख्यतः कागद, फळा, संगणक आणि चर्चा चालते. तिथे चौक हीच प्रयोगशाळा. आपल्याकडे सल्फ्युरिक ॲसिड आहे. गप्पांना जागा हवीच, चहाची टपरी विद्यापीठाच्या गेटबाहेर असण्यापेक्षा इमारतीत एक बरे कँटीन असावे. पण चौक आधी आणि ड्रेनेज नंतर, असे करू नका.

ड्रेनेजवरून आठवले. एका महाविद्यालयात पहिल्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या लॅबखाली भौतिकशास्त्राची डार्करूम होती. वरचा पाइप ॲसिडने खाल्ला. छतातून थेंब टपकायला लागला, तो स्पेक्ट्रोमीटरवर. प्लंबरने तोडून साधा पीव्हीसी बसवला, तो ॲसिडला टिकला पण ॲसिटोनने मऊ पडून वाकला. शेवटी स्पेक्ट्रोमीटर दुसरीकडे हलवला आणि छताखाली बादली ठेवली. ती बादली पुढे डेडस्टॉकला, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, लागली की नाही, कल्पना नाही. तेव्हा पाइपाचे साहित्य कोणते, हे बांधकामाच्या दरसूचीतून ठरवू नका. त्या पाइपात काय पडणार आहे, ते विचारून ठरवा. प्रयोगशाळेचे सांडपाणी वेगळ्या लाइनने एका टाकीत आणा, तिथे आम्लता मोडा, मगच पुढे सोडा. स्वच्छतागृहाच्या लाइनला जोडू नका.

पाण्याचेही तेच. आपला जिल्हा टँकरचा जिल्हा आहे. एक लिटर वाफेचे डिस्टिल्ड वॉटर करायला, थंड करणारे पाणी पन्नास अंशांनी तापले असे धरले तरी, दहा लिटरांहून जास्त पाणी नळातून वाहते. हे साधे उष्णतेचे गणित आहे, अकरावीचा मुलगाही करील. हे पाणी आज सिंकमध्ये जाते. नव्या इमारतीत ते परत टाकीत फिरवणारी एक वेगळी लाइन टाका. तसेच नळाच्या पाण्यावर हवा खेचणारे ॲस्पिरेटर बंद करून सामायिक व्हॅक्यूमची लाइन टाका.

आता स्टोअर. नकाशात जिन्याखालची तिरपी जागा स्टोअर म्हणून दाखवली आहे. जिना ही पळण्याची वाट आहे आणि तिच्याखाली आपण चटकन पेटणारे ईथर ठेवणार. द्रावकांचे कोठार इमारतीबाहेर, सावलीत, वारा खेळेल असे, वेगळ्या दाराचे हवे. सिलिंडरही बाहेर जाळीच्या खोलीत, साखळीने बांधलेले, आणि आत फक्त पाइपने वायू. ५ डिसेंबर २०१८ रोजी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक तरुण संशोधक गेला, त्याचे सहकारी जखमी झाले. देशातल्या सर्वांत नामांकित संस्थेत हे होऊ शकते, तर आपण कोण?

जुन्या सामानासाठीही खोली हवी, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आपल्याकडे वस्तू मोडली तरी निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे नोंदीतून अधिकृतपणे वगळेपर्यंत, ती डेडस्टॉक रजिस्टरवर जिवंत असते, म्हणून ती कॉरिडॉरमध्ये पडून राहते आणि आणीबाणीची वाट अडवते. मग महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटले की एका रात्रीत सगळे भंगारात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले कित्येक वर्षे बंद पडलेले एक गॅमा किरणांचे उपकरण २०१० मध्ये असेच लिलावात गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होते. एक माणूस मेला, अनेक जण इस्पितळात पडले. कुलूपबंद खोली, वेगळी नोंदवही आणि बाहेर नेण्यापूर्वी तपासणारा एक जबाबदार माणूस, एवढी सोय असती तर ते पत्र्यांबरोबर गाडीत चढले नसते. नव्या इमारतीत अशी खोली दाखवा आणि तिचे क्षेत्रफळ पोर्चमधून कापून घ्या.

पैशाचे गणित मला कळत नाही असे समजू नका. दर्शनी भाग उद्घाटनाला दिसतो, छतातल्या डक्ट दिसत नाहीत, आणि अनुदान मार्चअखेर खर्चले पाहिजे. पण काच पुढच्या वर्षी लावता येते, पोर्च नंतर बांधता येते. स्लॅबमधली भोके आणि मजल्याची उंची नंतर वाढवता येत नाही. पैसे अपुरे असतील तर चारऐवजी तीन मजले नीट बांधा आणि चौथ्यासाठी पाया व खांब तयार ठेवा. चौथा मजला कोणीतरी बांधेल.

खोलीनिहाय तक्त्याचा एक नमुना मी तयार करून ठेवला आहे, रसायनशास्त्राच्या पदवी लॅबचा. समितीने बोलावले तर घेऊन येतो, मानधन नको. त्याआधी एक विनंती : एखाद्या मंगळवारी दुपारी, एसवायच्या बॅचला, समितीने जुन्या लॅबमध्ये दीड तास उभे राहावे. आधी कळवू नका, नाहीतर खिडक्या पुसून ठेवतील.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक

ता. क. : लिफ्टचे दार नकाशात साडेसातशे मिलिमीटर दाखवले आहे. त्यातून द्रव नायट्रोजनची मोठी टाकी जाणार नाही. मोठी लिफ्ट घ्याल तेव्हा ती बाहेरून कळ दाबून रिकामी पाठवता येईल अशी घ्या. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि बंद जागेत तो श्वासाची हवा हटवून माणसाला गुदमरवतो, त्यामुळे टाकीबरोबर माणसाने लिफ्टमध्ये चढायचे नसते.